शंभर वर्षांचे भाकीत: एक उत्तरपक्ष

लखनौत राहणाऱ्या मराठी माणसाकडे पाहुणे आले की त्यांना दोन ठिकाणी न्यावेच लागते: बडा इमामबाडा आणि रेसिडेन्सी. इमामबाड्यातल्या भुलभुलैयात पाहुणे हरवतात आणि खूश होऊन बाहेर येतात. रेसिडेन्सीत मात्र वाद होतात.

असाच एक वाद एका जूनमध्ये झाला. उन्हाने गवत पिवळे पडले होते. आम्ही एका पडक्या भिंतीच्या सावलीला उभे होतो. इथल्या लखौरी विटा बोटभर जाडीच्या. 1857 च्या वेढ्यात गोळा लागला तिथे त्यांचा भुगा झाला आहे आणि भिंतीत वाटीएवढे, कुठे घमेल्याएवढे खळगे राहिले आहेत. पाहुण्यांच्या नातवाने एका खळग्यात कोपरापर्यंत हात घातला. पाहुणे निवृत्त प्राध्यापक आणि पक्के विवेकवादी. ते म्हणाले, "शंभर वर्षांनी इंग्रज जाणार, असं कुणा फकिरानं सांगितलं म्हणून हे सगळे उठले. इंग्रज राहिले आणखी नव्वद वर्षं. एका खोट्या भविष्यापायी केवढी माणसं मेली!"

मी तेव्हा गप्प बसलो. पाहुण्याशी भर उन्हात वाद घालू नये. पण हे मत त्यांच्या एकट्याचे नाही. शिकलेल्या मराठी घरांत धर्मातल्या भाकितांचा विषय निघाला की निकाल आधीच लागलेला असतो: भाकीत चुकले, म्हणून ते व्यर्थ, ते मानणारे भाबडे. लखनौचे 1857 हे या मताचे आवडते उदाहरण. माझ्या मते हेच उदाहरण त्या मताला सर्वांत महाग पडते. कसे, ते मांडतो. निवाडा वाचकाने करावा.

आधी वस्तुस्थिती. 23 जून 1757 ला प्लासीची लढाई झाली. तेव्हापासून शंभर वर्षे कंपनीचे राज्य चालेल आणि मग संपेल, ही वदंता 1857 च्या आधी उत्तर हिंदुस्थानात दूरवर पसरली होती. मुसलमानांत तिला शाह नियामतुल्ला वली या सूफी संताच्या नावाने फिरणाऱ्या फारसी काव्याचा आधार दिला जाई. हा संत चौदाव्या-पंधराव्या शतकांतला. त्याची समाधी इराणात, किरमानजवळच्या माहान गावी. प्लासीच्या आधी तीन शतके जो वारला त्याने प्लासीचा हिशेब सांगितला, यातच त्या भाकिताचे वजन होते. शिपायांच्या युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या के या इंग्रज इतिहासकाराने या वदंतेची दखल घेतली आहे. सावरकरांच्या 1909 च्या ग्रंथातही प्लासीच्या शताब्दीला मानाची जागा आहे. म्हणजे भाकीत होते, ते लोकांच्या तोंडी होते, आणि त्यात वर्षाचा आकडा होता. याबद्दल वाद नाही.

शास्त्रार्थाची आपली रीत अशी की प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहूनही नीट मांडायचे आणि मगच तोंड उघडायचे. तेव्हा पूर्वपक्ष असा.

पहिला आक्षेप: दिवस आला आणि गेला, घटना घडली नाही. 23 जून 1857 ला कंपनीचे राज्य संपले नाही. मार्च 1858 मध्ये तर लखनौच इंग्रजांच्या हाती गेले.

दुसरा आक्षेप: भाकिताची संहिताच विश्वासार्ह नाही. नियामतुल्लांच्या नावावरच्या काव्यात लोक आपापल्या सोयीने साले बदलत आले. एडवर्ड ब्राउन हे फारसीचे पंडित 1888 साली माहानला गेले, तेव्हा तिथल्या जुन्या प्रतीत साल सांगणारी अक्षरे प्रचारातल्या पाठाहून वेगळी निघाली. इराणातल्या बाबी पंथाचे लोक ज्या अक्षरांवरून आपल्या संस्थापकाचे साल काढत, ती अक्षरे जुन्या प्रतीत नव्हतीच.

तिसरा आक्षेप सर्वांत धारदार: भाकीत चुकले तरी मानणारा हार मानत नाही, सबब शोधतो. हिजरी सालाने शंभर वर्षे मोजली तर ती 1854 सालीच भरतात, इसवी सालाने मोजली तर 1857 साली. दोन पंचांगे हाताशी असली की चुकलेले भाकीत कुठेतरी बसवता येते. फेब्रुवारी 1962 मध्ये मकर राशीत अष्टग्रही झाली. जगबुडी होणार म्हणून देशभर यज्ञ झाले. जग बुडाले नाही, तेव्हा लोक म्हणाले, यज्ञांमुळे टळले. अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोतल्या एका छोट्या पंथाचा अभ्यास केला. 21 डिसेंबर 1954 ला महापूर येणार आणि आपल्याला परग्रहावरून न्यायला यान येणार, असे ते मानत. पूर आला नाही, यानही आले नाही. तरी त्यांतल्या पुष्कळांची श्रद्धा ढळली नाही. उलट ते जोमाने प्रचाराला लागले. 1956 साली यावर पुस्तक निघाले आणि तेव्हापासून चुकलेल्या भाकितांच्या प्रत्येक चर्चेत ते साक्षीला येते.

चौथा आक्षेप: हे सगळे निरुपद्रवी नाही. भाकितावर विसंबून माणसे मरतात.

पूर्वपक्ष भक्कम आहे. त्यातला दुसरा आक्षेप मी लगेच, पूर्णपणे मान्य करतो. काव्य भेसळीचे आहे. त्याच्या आधारे कुणाला भविष्य दिसत होते असे सिद्ध होत नाही, आणि मी तसे म्हणणारही नाही. आणखी एक कबुली आताच देऊन टाकतो. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. 27 ज्योतिष्यांनी प्रत्येकी 40 पत्रिका तपासून उत्तरे पाठवली. अचूकतेची सरासरी 46 टक्के आली. नाणे उडवले असते तरी यापेक्षा वाईट झाले नसते. त्या खटल्यात मी फिर्यादीच्या बाजूने साक्ष देईन. पत्रिका पाहणारा पैसे घेऊन माहिती विकतो. माहिती खोटी निघाली की व्यवहार बुडाला. त्याच्याजवळ दुसरे काही नसतेच.

पण धर्मातले प्रत्येक भाकीत हा माहितीचा व्यवहार असतो का? वादाची गाठ इथे आहे. विवेकवादी मित्र ती गाठ सोडवत नाहीत, कापतात.

चौथ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तो तारखांनी तपासता येतो. म्हणे भाकितामुळे माणसे उठली. भाकिताचा दिवस कोणता? 23 जून. मेरठ उठले 10 मेला. दिल्ली पडली 11 मेला. लखनौच्या मडियांव छावणीत शिपायांनी बंदुका उचलल्या त्या 30 मेच्या रात्री. कानपूर आणि झाशी जूनच्या पहिल्या आठवड्यात उठली. म्हणजे भाकितावर आंधळा विश्वास असलेल्या या माणसांनी भाकिताची वाटच पाहिली नाही! मुहूर्त सहा आठवड्यांवर असताना जो घराबाहेर पडतो, त्याला मुहूर्ताचा गुलाम कसे म्हणायचे?

उठण्याची कारणे दुसरी होती, आणि अवधात ती घरोघर माहीत होती. फेब्रुवारी 1856 मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने अवध खालसा केले. अवधचे नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याला मटियाबुर्जला गेले. दरबार उठला तशी दरबारावर जगणारी हजारो घरे उघडी पडली. पुढच्या जमीनबंदोबस्तात तालुकदारांची गावे गेली. बंगाल आर्मीतल्या शिपायांचा मोठा भाग याच अवधच्या गावांतला. घरून आलेल्या प्रत्येक निरोपात बुडालेल्या हक्कांची खबर असे. वर काडतुसांची चरबी. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेतल्या यज्ञासाठी निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. 'माझा प्रवास' या त्यांच्या वृत्तांतात, जो 1907 साली छापला गेला, शिपायांच्या तोंडची कारणे येतात ती काडतुसांची आणि धर्म बुडण्याच्या धास्तीची. यज्ञ, मुहूर्त, दक्षिणा यांवरच ज्याचे पोट, त्या भटजीलाही ही धामधूम ग्रहांनी घडवलेली वाटली नाही. मग ती आपल्याला का वाटावी?

आता खुद्द 23 जूनला काय झाले ते पाहा. त्या दिवशी दिल्लीत बंडवाल्यांनी टेकडीवरच्या इंग्रज तळावर दिवसभर चढाई केली. कानपुरात नानासाहेबांच्या फौजेने इंग्रज जनरल व्हीलरच्या मोर्च्यावर मोठा हल्ला चढवला. दोन्ही हल्ले फसले. हे माझ्या मित्रांच्या बाजूचे पुरावे आहेत आणि मी ते लपवत नाही. शताब्दीच्या दिवसाने लोकांच्या अंगात बळ आणले आणि त्या बळाने विजय मिळाला नाही, हे खरे.

पण गोष्ट 23 जूनला संपते का? लखनौत त्या दिवशी मोठे काही घडले नाही. 30 जूनला घडले. अवधचा इंग्रज मुख्य आयुक्त हेन्री लॉरेन्स फौज घेऊन शहराबाहेर चिनहटकडे निघाला आणि इस्माइलगंजजवळ बंडवाल्यांचे म्होरके बरकत अहमद आणि मौलवी अहमदुल्ला शाह यांच्या माणसांनी त्याला धूळ चारली. कुकरैल नाल्यावरून इंग्रज रेसिडेन्सीकडे पळाले आणि वेढा पडला. 2 जुलैला लॉरेन्सच्या खोलीत गोळा फुटला. 4 जुलैला तो वारला. भाकिताचा दिवस उलटून आठवडा झाल्यावर भाकीत मानणाऱ्यांनी आपला सर्वांत मोठा विजय मिळवला. मुदत टळली म्हणून कुणी घरी गेले नाही. जुलैमध्ये वाजिद अली शाह आणि बेगम हजरत महल यांच्या मुलाला, बिर्जिस कद्रला, गादीवर बसवले. हुकूम निघू लागले, पगार ठरू लागले. सप्टेंबरात हॅवलॉक आणि आउट्रम हे इंग्रज सेनापती आत घुसले, नोव्हेंबरात कॉलिन कॅम्पबेलने वेढ्यातली माणसे बाहेर काढली, तरी शहर मार्च 1858 पर्यंत लढत राहिले.

फेस्टिंगरचा दाखला इथे लागू करणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे. शिकागोची ती माणसे दिवाणखान्यात बसून यानाची वाट पाहत होती. यान आले नाही तेव्हा त्यांच्याजवळ प्रचाराखेरीज करण्यासारखे काही उरले नव्हते. चिनहटला ज्यांनी तोफा ओढल्या ते कशाची वाट पाहत बसले होते? एका पंथाच्या खोलीतले निरीक्षण अख्ख्या अवधवर पसरायचे, तर दोन्हींत साम्य आधी दाखवावे लागेल. ते कुणी दाखवलेले नाही. चौथा आक्षेप इथे पडला.

तिसरा आक्षेप सबबींचा. हा आपल्याला नवा नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत वेदाच्या प्रामाण्यावर जे आक्षेप नोंदवले आहेत, त्यांत पहिलाच 'अनृत' हा आहे. वात्स्यायनाच्या भाष्यात उदाहरण येते पुत्रकामेष्टीचे: यज्ञ केला, मुलगा झाला नाही, तर ते वचन खोटे की नाही? दीड हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी आपल्याच आस्तिक पंडितांनी हा प्रश्न स्वतःच्या ग्रंथात स्वतःच्या विरोधात लिहून ठेवला. श्रद्धावान माणसाला चुकलेल्या भाकिताचा प्रश्नच पडत नाही, असे म्हणणाऱ्यांनी निदान हे प्रकरण वाचायला हवे होते.

उत्तर तिथे असे: फळ आले नाही तर दोष कर्मात, कर्त्यात किंवा साधनांत असू शकतो. अग्नी हवा असेल तर अरणी घासावी, हे सांगणे खरेच आहे. लाकूड ओले असेल आणि अग्नी पेटला नाही, तर सांगणे खोटे ठरत नाही. माझे विवेकवादी मित्र इथे हसतील: हीच ती सबब! हसण्याआधी थोडे थांबावे. लाकूड ओले आहे की नाही, हे हात लावून पाहता येते. सबब आणि कारण यांतला फरक नेमका तिथे आहे. म्हणून मी दोन कसोट्या ठेवतो. एक: जे कारण सांगितले ते भाकीत चुकल्याच्या गोष्टीपासून वेगळे, स्वतंत्रपणे तपासता येते का? दोन: भाकीत मानणाऱ्याने हेच कारण दिवस उगवण्याच्या आधी मान्य केले असते का?

अष्टग्रहीचे यज्ञ पहिल्याच कसोटीला उतरत नाहीत. यज्ञ न केलेले जग कुणी पाहिले आहे? हिजरी आणि इसवीचा खेळ दुसऱ्या कसोटीवर पडतो. हे दोन्ही मी टाकून देतो. श्रद्धेच्या नावाने चाललेली अशी वकिली श्रद्धेलाच लाजवते.

आता लखनौचे पतन या कसोट्यांना लावू. शहर का पडले, आणि पुढे लढा का विझला? मौलवी आणि बेगमेचा दरबार यांच्यात बेबनाव होता. कॅम्पबेलच्या मदतीला नेपाळातून जंगबहादूर आपली गुरखा फौज घेऊन आला. ज्या मौलवीपुढे डंका वाजत असे म्हणून लोक त्याला डंका शाह म्हणत, तो पुढे जून 1858 मध्ये पुवायांच्या राजाच्या दारात दगाफटक्याने मारला गेला. त्याच्या डोक्यावर इंग्रजांनी 50,000 रुपये लावले होते. कर्त्यांत दोष, कर्मात दोष, साधनांत दोष. प्रत्येक दोष कागदपत्रांत तपासता येतो, भाकिताचे नावही न काढता. मार्च 1858 चे उत्तर इतिहास देतो, आणि ते पुरेसे आहे. भाकिताला वाचवण्यासाठी मी ते पुढे केलेले नाही. एवढेच दाखवायचे आहे की विचारी माणूस सबब आणि कारण वेगळे करू शकतो. तिसरा आक्षेप वाईट श्रद्धेला लागू पडतो. सगळ्या श्रद्धेला लागू पडत नाही.

राहिला पहिला आक्षेप: आकडा चुकला. होय. शंभर हा आकडा चुकला. त्यावर पांघरूण घालणार नाही.

पण भाकीत म्हणजे केवळ आकडा का? मीमांसकांनी वेदवाक्यांचे प्रकार पाडताना विधी आणि अर्थवाद असा भेद केला. तैत्तिरीय संहितेत कथा आहे: रुद्र रडला, त्याच्या आसवांची चांदी झाली. चांदी खरेच आसवांची होते का, असे मीमांसक विचारत बसत नाही. तो विचारतो, हे वाक्य कुठल्या आज्ञेला टेकू देते? त्या कर्मात चांदीची दक्षिणा देऊ नये, ही ती आज्ञा. वाक्याचा अर्थ त्या आज्ञेत सापडतो. वाक्य कुणाला काय करायला सांगते ते आधी पाहा, मग ते खरे की खोटे याची चर्चा करा. वाचण्याची ही शिस्त चमत्कार मानायला लावत नाही. एखादा कट्टर नास्तिकही ती पाळू शकतो.

बायबलमधल्या योनाची गोष्ट हेच सांगते. चाळीस दिवसांत निनवे नष्ट होईल, अशी घोषणा त्याने केली. नगरीने उपास धरला, वागणे सुधारले, आणि निनवे वाचले. भाकीत चुकले! योना रागावून नगराबाहेर जाऊन बसला. कथेत हसू होते ते योनाचे. ज्याला आपले भाकीत खरे ठरण्याची माणसे वाचण्यापेक्षा जास्त काळजी, तो संदेष्टा हास्यास्पद, असे खुद्द धर्मग्रंथ म्हणतो. आणि आमचे मित्र? तेही निनवेबाहेर योनाच्याच शेजारी बसून दिवस मोजत आहेत.

आपल्याकडेही भाकणुकीचा कान असलेली माणसे आहेत. अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी होते. रात्रभर ठेवलेले धान्य, पापड, पानविडा सकाळी पाहून पाऊसपाणी, पीक, राजकारण यांचे अंदाज सांगतात. कोल्हापूरजवळ पट्टणकोडोलीला बिरदेवाच्या यात्रेत फरांडे बाबांची भाकणूक ऐकायला धनगर समाज लोटतो. वृत्तपत्रे वर्षभराने भेंडवळच्या अंदाजांचा ताळेबंद मांडतात आणि चूक सापडली की खूश होतात. मांडोत बापडे, हवामानाचा दावा केला तर तो हवामानासारखा तपासलाच पाहिजे. पण यंदा पीक साधारण, असे ऐकलेला शेतकरी बियाणे विकून टाकत नाही. तो मृगाकडे बघतो, रेडिओ ऐकतो, शेजाऱ्याला विचारतो आणि पेरतो. भाकणूक त्याला सावध करते. पेरणीचा निर्णय तो आपल्याकडेच ठेवतो. भाबडा म्हणायचा तो हाच का?

आता शंभर वर्षांच्या भाकितात अर्थवाद कोणता आणि विधी कोणता? शंभर हा आकडा अर्थवाद. विधी एवढाच: या राज्याला शेवट आहे, असे धरून वागा. 1856 च्या लखनौत हे वाक्य साधे नव्हते. एका सहीने एक राज्य पुसले गेले होते. तह, दरबार, खिलती, काहीच आड आले नव्हते. समोरचा पक्ष नियतीसारखा वावरत होता. नियतीलाही मुदत असते, हे कुणीतरी, संताच्या नावाने का होईना, म्हणायची गरज होती.

इथे चाणाक्ष वाचक मला पकडेल. तो म्हणेल, ही तुमचीच सबब झाली; आकडा पडला तेव्हा तुम्ही अर्थ बदललात. रास्त शंका. माझी कसोटी मला लावा. प्रत्येक राज्याला शेवट असतो, हे सांगायला दिव्यदृष्टी लागत नाही. अवधचा कुठलाही म्हातारा शेतकरी ते सांगेल. म्हणून संताला भविष्य दिसले, असा दावा मी करतच नाही. मी एवढेच म्हणतो की त्या वाक्याने जे काम केले ते आकड्यावर अवलंबून नव्हते. पुरावा? 24 जून. आकड्यावर अवलंबून असते तर ते त्या दिवशी संपले असते. संपले नाही.

आणि मोजमापाचा हा दंडक लावायचाच, तर तो दोन्ही बाजूंना लावा. रेसिडेन्सीच्या बुरुजावर इंग्रजांनी आपले निशाण ठेवले ते रात्रीही उतरवले जात नसे. वेढ्याची आठवण म्हणून ते कायम फडकत राहील, अशी रीत त्यांनी घालून घेतली. हे भाकीतच होते, फक्त त्याला धर्माचे नाव नव्हते. ऑगस्ट 1947 मध्ये निशाण उतरले आणि खांबही काढून नेला. 'कायम'ची मुदत नव्वद वर्षांत भरली. या चुकलेल्या भाकिताला आजवर कुणी भाबडेपणा म्हटलेले मी ऐकलेले नाही. त्याला साम्राज्याचा आत्मविश्वास म्हणतात. फकिराने शंभर म्हटले तर अंधश्रद्धा, गव्हर्नरने कायम म्हटले तर धोरण? हा कुठला न्याय?

शेवटची साक्ष बाकी आहे, आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. ती माझ्याही बाजूच्या काही लोकांविरुद्ध जाते.

ऑगस्ट 1858 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून कंपनीची सत्ता काढून घेतली. 1 नोव्हेंबरला अलाहाबादेत व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचला गेला. म्हणजे शब्दशः पाहिले तर कंपनीचे राज्य एकशे एक वर्षे आणि काही महिन्यांत खरोखर संपले! आजही काही भाविक मंडळी हे मोठ्या विजयाने सांगतात: पाहा, भाकीत फळले, कंपनी गेलीच की! चुकलेल्या भाकिताला यापेक्षा सुरेख पळवाट इतिहासाने क्वचितच दिली असेल.

ती पळवाट बेगम हजरत महल यांच्या समोरच होती. लखनौ गेले होते, फौज विखुरली होती, नेपाळची सरहद्द जवळ होती. जाहीरनाम्यात माफीचे आश्वासन होते. संतवचन पूर्ण झाले असे मानून शस्त्र खाली ठेवायला आता धर्माची आडकाठी राहिली नव्हती. 1858 सरता सरता बेगमेने राणीच्या जाहीरनाम्याला उत्तरादाखल आपला जाहीरनामा काढला. त्यात तिने विचारले: कंपनीचे कायदे तेच, कंपनीचे बंदोबस्त तेच, कंपनीचे नोकर तेच, गव्हर्नर जनरल तोच, न्यायखाते तेच, मग नवे काय झाले? इंग्रजांनी मोडलेल्या वचनांची यादी तिने दिली. भरतपूर, लाहोर, टिपू, बनारस. आणि पुण्याच्या पेशव्याला हुसकून बिठूरला बंद करून ठेवल्याची आठवणही तीत आहे. इंग्रजांनी कुणाला अपराध माफ केल्याचे स्वप्नातही कुणी पाहिलेले नाही, असे तिने बजावले.

आता सांगा. ज्या काळाला आपण भाकितांनी आंधळा झालेला काळ म्हणतो, त्या काळातली एक राज्ञी, सगळे गमावलेल्या अवस्थेत, नावाचा बदल आणि वस्तूचा बदल यांतला फरक ओळखते. शब्दात फळलेले भाकीत अर्थात फळलेले नाही, हे ती स्वतः तपासते आणि तसे लिहून देते. फेस्टिंगरच्या पंथातला माणूस चुकलेले भाकीत खरे मानण्यासाठी धडपडतो. इथे खरे मानण्याची आयती सोय पुढ्यात असताना ती नाकारलेली आहे. या चिकित्सेला विवेक म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

बेगम परतली नाही. 1879 साली ती काठमांडूत वारली. इथल्या व्हिक्टोरिया पार्कला 1962 साली तिचे नाव दिले गेले. पाहुण्यांना मी आता तिसऱ्या ठिकाणी तिथेही नेतो.

निवृत्त प्राध्यापकांना माझे उत्तर एवढेच. आकडा चुकला, हे मला मान्य. माणसे मेली, हेही. पण ती आकड्यापायी मेली, हे तारखा नाकारतात. आणि ती भाबडी होती, हे खुद्द बेगमेचा कागद नाकारतो. दोन्ही साक्षी वाचकापुढे आहेत.